गोष्टीच्या वाटेनें शास्त्राकडे

ज्येष्ठाच्या अखेरीची दुपार होती. जेवणें आटोपून मी बाहेरच्या खोलींत सुपारी कातरीत बसलों होतों. आमची धाकटी सूनबाई एका कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकविते. ती हातांत कागदांची चवड घेऊन आली आणि समोर बसून म्हणाली, "मामंजी, यंदा माझ्यावर मोठें संकट आलें आहे. आपला सल्ला हवा."

मला जरा नवल वाटलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें कांहीं मिळविलें तें पाठशाळेंत शास्त्रीबुवांच्या पायाशीं बसून. पदार्थविज्ञान शिकविणारीला मी काय सल्ला देणार? परंतु हकीकत ऐकल्यावर ध्यानांत आलें कीं, संकट विज्ञानाचें नसून अध्यापनाचें आहे. आणि त्या धंद्यांत माझीं पस्तीस वर्षें गेलेलीं आहेत.

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून एका शाखेच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या शाखेचाहि थोडाबहुत परिचय करून घ्यावा, यावर भर दिला जात आहे. त्या योजनेंत कलाशाखेच्या साठ मुलामुलींचा एक वर्ग सूनबाईकडे आला. कोणी मराठीचे, कोणी इतिहासाचे, कोणी संस्कृताचे. "पहिल्याच दिवशीं मीं फळ्यावर एक समीकरण लिहिलें," ती सांगूं लागली, "आणि मागें वळून पाहतें तों साठहि चेहरे मिटलेले. एक मुलगी तर म्हणाली, 'बाई, याच्याच भीतीनें आम्ही कलाशाखा घेतली.' मामंजी, संस्कृताचें नांव काढतांच पळणारीं मुलें आपण वर्गांत बसवून ठेवलींत. तीं कशीं बसविलींत तेवढें सांगा."

मी तत्काळ म्हणालों, "गोष्ट सांग." आणि विष्णुशर्म्याचा दाखला दिला. अमरशक्ति राजाचे तीन पुत्र शास्त्राचें नांव ऐकावयास तयार नव्हते. त्यांना या वृद्ध ब्राह्मणानें सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकविलें, तें सूत्रें घोकून घेऊन नव्हे, तर सिंह, बैल, कोल्हा, कावळा यांच्या तोंडून. राजपुत्रांना आपण शास्त्र शिकत आहोंत याचा पत्ताहि नव्हता. सूनबाईनें मान डोलावली, कागद आवरले, आणि समाधानानें ती आंत गेली.

ती गेली खरी. पण अडकित्ता माझ्या हातांत तसाच राहिला. उपदेश करून चुकल्यावर मला एका विद्यार्थ्याची आठवण झाली, आणि ती सुखाची नव्हती.

या मुलाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. आठवींत तो माझ्या वर्गांत होता. संस्कृतावर त्याचें विलक्षण प्रेम. सुभाषितें शिकवितांना मीं त्यांना स्वातीच्या थेंबाची गोष्ट रंगवून सांगितली होती. स्वाती नक्षत्राचा पाऊस पडत असतां समुद्रांतील शिंपला तोंड उघडतो, त्यांत एक थेंब पडतो, आणि त्याचाच मोती होतो. सत्संगतीचें माहात्म्य सांगावयास याहून सुंदर दृष्टान्त कोणता? वर्ग तल्लीन झाला होता, मीहि झालों होतों. पुढें वर्षाच्या अखेरीस विज्ञानाच्या तोंडी परीक्षेंत त्याला विचारण्यांत आलें, "मोती कसा तयार होतो?" मुलानें छाती पुढें काढून स्वातीचा थेंब सांगितला. परीक्षक हंसले, वर्ग हंसला, आणि कोणी तरी त्याचें नांव 'स्वाती' ठेवलें. तें नांव दहावीपर्यंत सुटलें नाहीं. त्यानें पुन्हा विज्ञानाच्या तासाला तोंड म्हणून उघडलें नाहीं; आणि दहावीनंतर त्या शाखेकडे तो फिरकला नाहीं.

मीं त्या वेळीं परीक्षकांना दोष दिला होता. पण त्या दुपारीं मला दिसलें कीं, दोषाचा मोठा वांटा माझाच होता. मोती खरोखर कसा होतो हें मलाहि ठाऊक नव्हतें असें नाहीं. शिंपल्याच्या मऊ अंगांत एखादा परजीवी जीव किंवा बाहेरचा कण शिरतो, तेथील आवरणाला इजा होते, आणि तो प्राणी त्या उपद्रवाभोंवतीं थरावर थर चढवीत जातो. चुनखडींत जें कॅल्शियम कार्बोनेट असतें, तेंच त्या थरांत असतें. दुखण्याभोंवतीं आवरण घालतां घालतां मोती घडतो, हा दृष्टान्त तरी काय कमी सुंदर आहे! पण 'ही कवींची गोष्ट झाली, आतां शिंपल्याची ऐका,' एवढें एक वाक्य मीं उच्चारलें नाहीं.

आणि नवल हें कीं, ज्या परंपरेचा मी अभिमान धरतों तिनें हा विवेक पूर्वींच करून ठेवला आहे. राजशेखरानें काव्यमीमांसेंत 'कविसमय' म्हणून स्वतंत्र प्रकरण लिहिलें. यश पांढरें, पाप काळें, चकोर चांदणें पितो, अशा गोष्टी लोकांत आढळत नाहींत आणि शास्त्रांतहि सांगितलेल्या नाहींत. तरी कवींमध्यें त्या परंपरेनें मान्य आहेत, असें त्यानें स्वच्छ सांगितलें. म्हणजे कवींचा संकेत हा संकेत म्हणूनच ओळखावा, ही शिस्त जुनीच आहे. स्वातीचा थेंब त्याच जातीचा. आम्ही मास्तर लोकांनीं दृष्टान्त उचलले आणि शिस्त मागें ठेवली.

संध्याकाळीं मीं सूनबाईला पुन्हा हांक मारली. "दुपारीं तुला अर्धाच सल्ला दिला," मी म्हणालों. "गोष्ट अवश्य सांग. पण ती सांगून झाल्यावर मुलांना वहीचें पान दुभागावयास लाव. डावीकडे लिहावें 'कथेचें', उजवीकडे 'शास्त्राचें'. कोणती ओळ कोठें जाते हें मुलांनींच भांडून ठरवावें." ती क्षणभर विचारांत पडली आणि म्हणाली, "मग चुकीची गोष्टहि चालेल!" मी म्हणालों, "थोडी चुकीची असली तर अधिक चालेल."

तिनें निवडली ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराची कथा. 'पृथ्वीवरून चंद्राकडे' हा तिचा पहिला भाग १८६५ चा, आणि 'चंद्राभोंवतीं' हा दुसरा १८७० चा. पुढें श्रावणांत एके दिवशीं प्राचार्यांच्या संमतीनें मी त्या वर्गाच्या मागल्या बाकावर जाऊन बसलों. पुढील हकीकत त्यामुळें ऐकीव नाहीं.

कथा अशी. अमेरिकेंतील तोफांचे शोकी गृहस्थ फ्लॉरिडामध्यें जमिनींत उभी अशी नऊशें फूट लांबीची तोफ ओततात. तिच्यांत एक पोकळ गोळा, गोळ्यांत तीन माणसें आणि दोन कुत्रे. बार उडतो आणि गोळा सेकंदाला बारा हजार यार्ड, म्हणजे सुमारें अकरा किलोमीटर वेगानें आकाशांत झेपावतो. हा वेग कांहीं कादंबरीकाराच्या लहरीचा नव्हे. पृथ्वीची ओढ कायमची तोडून निघावयास सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. व्हर्ननें हिशेब पाहूनच आंकडा घातला होता. पुढें एक शतक लोटल्यावर, १९६८ मध्यें चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेलें अपोलो ८ आणि १९६९ मध्यें चंद्रावर उतरलेलें अपोलो ११, हीं दोन्ही यानें फ्लॉरिडांतूनच निघालीं, दोहोंत तीनतीनच माणसें होतीं, आणि व्हर्नच्या गोळ्याप्रमाणेंच तीं पॅसिफिक महासागरांत उतरलीं. मुलांना हें फारच आवडलें. 'शास्त्राचें' या रकान्यांत भराभर नोंदी झाल्या.

मग सूनबाईनें विचारलें, "तोफ उडाल्यावर आंतल्या माणसांचें काय झालें असेल?" पुस्तकांत तर तीं थोड्या वेळानें शुद्धीवर येतात. "तें आपण मोजून पाहूं. समीकरण नको, त्रैराशिक पुरे."

नऊशें फूट म्हणजे सुमारें २७४ मीटर. गोळा स्थिर होता. तोफेच्या तोंडाशीं त्याचा वेग सेकंदाला अकरा हजार मीटर झाला. तेव्हां सरासरी वेग त्याच्या निम्मा, साडेपांच हजार. या वेगानें २७४ मीटर ओलांडावयास किती वेळ लागेल? सेकंदाचा विसावा भाग. आतां दुसरी बाजू. गच्चीवरून सुटलेला दगड एका सेकंदांत ९.८ मीटरचा वेग मिळवितो; सेकंदाच्या विसाव्या भागांत जेमतेम अर्धा मीटर. आणि गोळा तेवढ्याच अवधींत मिळवितो अकरा हजार! भागाकार करा. बावीस हजार पट.

"म्हणजे काय?" एका मुलानें विचारलें. म्हणजे ज्याचें वजन पन्नास किलो, त्याच्यावर त्या क्षणीं अकराशें टनांचा भार. रेल्वेचें विजेचें मोठें इंजिन सव्वाशें टनांच्या आसपास असतें. तशीं नऊ इंजिनें एका माणसावर. वर्गांत एकदम शांतता पसरली. मग पुढल्या बाकावरील ती 'याच्याच भीतीनें' वाली मुलगी उठली आणि तिनें विचारलें, "बाई, मग तोफ लांब केली तर?" हा प्रश्न पुस्तकांत नव्हता. माणसाला सोसेल असा भार, समजा वजनाच्या तिप्पट, धरला तर तोफ किती लांब हवी? सर्वांनीं मिळून काढलें : दोन हजार किलोमीटरांहून कांहींशी अधिक. मुंबईहून नागपूरमार्गें कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग जवळजवळ एवढाच आहे. म्हणजे बोरीबंदरास दारू ठासावयाची आणि तोफेचें तोंड हावड्यास! सगळा वर्ग हंसला. पण या वेळीं कोणाला हंसण्याचें कारण नव्हतें, स्वतःच काढलेल्या उत्तराला मुलें हंसत होतीं. आणि माणसाला अवकाशांत पाठवावयास तोफ कां चालत नाहीं, अग्निबाणच कां लागतो, हें त्यांना कोणी न सांगतां समजलें. अग्निबाण तोच वेग कांहीं मिनिटें घेऊन बेतानें चढवितो.

पण त्या तासाचा खरा मानकरी कुत्रा ठरला. प्रवाशांबरोबरच्या दोन कुत्र्यांपैकीं एक दणक्यानें जखमी होऊन मरतो. त्याचें शव खिडकी झटकन उघडून बाहेर टाकून देतात. थोड्या वेळानें पाहतात तों शव गोळ्याच्या बाजूनें तसेंच चाललें आहे; मागें पडत नाहीं, पुढें जात नाहीं. संस्कृत घेतलेल्या एका मुलानें हात वर केला. "हें खोटें वाटतें. चालत्या गाडींतून कांहीं टाकलें तर तें मागें राहतें." सूनबाईनें विचारलें, "कां राहतें?" वाऱ्यानें, जमिनीच्या घर्षणानें. "वर वारा आहे का?" नाहीं. मग शवाला मागें ओढणार कोण? हलकें असो, जड असो, पृथ्वीच्या ओढीनें सर्वांचा वेग सारखाच बदलतो, हें गॅलिलिओनें तीनचारशें वर्षांपूर्वीं सांगितलें. कुत्र्याचा वेग गोळ्याइतका, त्याच्यावरील ओढीचा परिणामहि गोळ्याइतका. तेव्हां तो सोबत चालणारच. कुत्रा 'शास्त्राचें' या रकान्यांत गेला.

येथें सूनबाई थांबली आणि तिनें पुढील प्रसंग वाचून दाखविला. व्हर्नचे प्रवासी वाटेंत एकाच ठिकाणीं भारहीन होऊन तरंगतात : जेथें पृथ्वीची व चंद्राची ओढ सारखी होते तेथें. त्याआधीं आणि त्यानंतर तीं माणसें गोळ्याच्या तळावर नीट उभीं राहतात. "हें कोणत्या रकान्यांत?"

पांचसात मिनिटें कोणाला कांहीं सुचेना. मलाहि सुचेना, हें कबूल करतों. शेवटीं तोच संस्कृताचा मुलगा चाचरत उठला. "बाई, बाहेरचा कुत्रा जर गोळ्याबरोबर तरंगत चालतो, तर त्याला खिडकींतून आंत ओढून घेतला कीं एकदम तळावर कां पडावा? आंत काय आणि बाहेर काय, ओढ तर तीच." सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तो आपल्याशींच पुढें म्हणाला, "म्हणजे माणसेंहि सुरुवातीपासूनच तरंगावयास हवीं होतीं. कुत्रा बरोबर आहे, माणसें चुकलीं आहेत!"

वाचकहो, पस्तीस वर्षांत मीं पुष्कळ तास घेतले. असा क्षण फार थोड्या वेळां पाहिला. ज्या मुलाला समीकरणाची धास्ती, त्यानें एका जगप्रसिद्ध ग्रंथकाराची चूक त्याच्याच दुसऱ्या पानावरून पकडली. आमच्या शास्त्रांत याला पूर्वपक्षाचें खंडन त्याच्याच वचनानें करणें म्हणतात. अवकाशयानांतील माणसें पृथ्वीची ओढ संपते म्हणून तरंगत नाहींत. यान आणि माणसें एकाच चालीनें पडत असतात म्हणून तरंगतात. हें वाक्य पाठ करून घेतलें असतें तर परीक्षेनंतर महिन्यानें विसरलें असतें. कुत्रा विसरणें शक्य नाहीं.

गोष्टींतून शास्त्र आणि शास्त्राखालीं टीप, ही युक्ति नवी नव्हे. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा योहान्नेस केप्लर यानें 'स्वप्न' या नांवाची एक लहानशी कथा १६०८ च्या सुमारास लिहिली. आइसलंडमधील एका मुलाची आई जडीबुटी विकते. ती एका पिशाच्चास पाचारण करते, आणि तें पिशाच्च चंद्रावरील जगाचें वर्णन करतें. पृथ्वी फिरते हें लोकांना पटत नव्हतें, कारण पायांखालची जमीन हलतांना दिसत नाहीं. केप्लरनें वाचकाला उचलून चंद्रावर नेऊन ठेवलें. तेथील रहिवाशांना वाटतें, चंद्र स्थिर आहे आणि पृथ्वीच आपल्या जागीं गरगर फिरत आहे. एका बाजूच्या लोकांना पृथ्वी आकाशांत एकाच ठिकाणीं टांगलेली दिसते, तिच्या कला वाढतात व घटतात. दुसऱ्या बाजूच्यांना ती कधींच दिसत नाहीं. आपल्यालाहि तसाच भ्रम होत नसेल कशावरून, हा प्रश्न वाचकाच्या मनांत आपोआप उठतो.

या कथेची हस्तलिखित प्रत लोकांत फिरली. पुढें १६१५ पासून केप्लरच्या वृद्ध आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. ती वर्षाहून अधिक काळ कोठडींत होती, आणि १६२१ मध्यें सुटली. कथेंतील जडीबुटीवालीमुळें त्या संशयाला बळ मिळालें, अशी खुद्द केप्लरची समजूत होती. त्यानें नंतरचीं वर्षें घालवून त्या चिमुकल्या कथेला दोनशेंहून अधिक टिपा जोडल्या : हा भाग कल्पनेचा, हा दुर्बिणींतून दिसलेला, हा गणिताचा. टिपा कथेपेक्षां कितीतरी मोठ्या झाल्या. १६३० मध्यें तो वारला आणि पुस्तक १६३४ मध्यें बाहेर आलें. कथा आणि तत्त्व यांची सरमिसळ झाली तर घरापर्यंत काय येतें, हें ज्यानें सोसलें त्यानेंच सर्वांत निगुतीनें टिपा लिहाव्या, यांत मला मोठा बोध दिसतो.

आपल्याकडेहि भास्कराचार्यांनीं ११५० मध्यें लीलावती रचली तेव्हां हीच वाट धरली. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या मुळाशीं बिळ. सत्तावीस हात दूर असलेला साप बिळाकडे येत आहे. मोर झडप घालतो. दोघेहि सारखेंच अंतर चालून गेले, तर गांठ बिळापासून किती हातांवर? उत्तर बारा. पंधरा हात साप चालला, पंधरा हात मोर उडाला. खरा मोर कांहीं सापाच्या बरोबरीच्या वेगानें उडण्याची प्रतिज्ञा करून बसत नाहीं. पण 'सारखें अंतर' ही अट आचार्यांनीं उघड सांगितली आहे. कथेचें काय आणि गणिताचें काय, हें त्यांनीं झांकून ठेवलें नाहीं. चाळीसगांवजवळच्या पाटण येथें आचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. तेथील शिलालेखांत तशी नोंद आहे. आपल्या प्रांतांत ही परंपरा एके काळीं शिकविली जात होती, ती अशी.

आतां एक नाजुक गोष्ट. सूनबाईच्या वर्गाच्या कथा रात्रीं पंक्तीला निघूं लागल्या. एके रात्रीं तिनें सांगितलें कीं, प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंद चालतो. आमचे थोरले चिरंजीव म्हणाले, "यांत नवें काय? भागवतांत ककुद्मीची कथा आहे ना!" कथा खरीच आहे. ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिच्यासाठीं वर विचारावयास ब्रह्मलोकीं गेला; तेथें गायन चाललें होतें म्हणून थोडा वेळ थांबला; तेवढ्यांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं. चिरंजीवांचा मुद्दा असा कीं, आइन्स्टाइननें सांगितलें तें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. पंक्तींतील सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. भागवत मला प्रिय आहे; मी काय बोलतों यावर नातवंडांची समजूत ठरणार होती. स्वातीचा थेंब पुन्हा माझ्या दारीं आला होता.

मी म्हणालों, "कथा थोर आहे, पण ती डाव्या रकान्यांतली आहे. काळाच्या अफाटपणापुढें राजाचे सारे बेत कसे फोल ठरतात, हें व्यासांना सांगावयाचें आहे. सत्तावीस हा आंकडा आहे खरा. परंतु ब्रह्मलोक किती दूर, काळ कोणत्या नियमानें मंदावतो, हें सांगितल्याशिवाय तो पडताळतां येत नाहीं. आणि पडताळून पाहावा अशी व्यासांची अपेक्षाहि नाहीं. आतां सूनबाईचा आंकडा ऐका." तिनें सांगितलें. मोबाइलमध्यें आपण रस्ता शोधतों तो नकाशा जी. पी. एस. च्या उपग्रहांवर चालतो. ते सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवर आहेत. तेथें पृथ्वीची ओढ क्षीण, म्हणून त्यांतील घड्याळें दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढें जातात. वेगामुळें ७ मायक्रोसेकंद मागें पडतात. एकंदर ३८ मायक्रोसेकंद पुढें. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश. पण तेवढ्यांत प्रकाश तीनशें मीटर धांवतो. ही दुरुस्ती केली नाहीं तर एका दिवसांत अकरा किलोमीटरांची चूक होईल. चिरंजीव कांहीं वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे कथा लहान होत नाहीं, तिची जागा वेगळी आहे, इतकेंच." मला याहून अधिक नको होतें. पुराणाला विज्ञानाचें प्रशस्तिपत्र मिळवून देण्याच्या हव्यासांत आपण पुराणहि गमावतों आणि विज्ञानहि.

गोष्ट परदेशींचीच हवी असें मात्र नाहीं. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९६ मध्यें 'कुंतलीन' नांवाच्या केशतेलाच्या कारखानदारानें ठेवलेल्या स्पर्धेसाठीं एक बंगाली कथा लिहिली आणि पहिलें बक्षीस मिळविलें. कलकत्त्यावर येणारें वादळ एकाएकीं नाहींसें होतें. कारण, जहाजावरच्या एका गृहस्थानें समुद्रांत केशतेलाची बाटली ओतली! मराठींत जयंत नारळीकरांनीं १९७४ मध्यें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या नांवानें. आपल्या कीर्तीकडे पाहून परीक्षकांनीं निर्णय देऊं नये, म्हणून स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून त्यांनीं हें टोपणनांव घेतलें होतें. बक्षीस जगतापांनाच मिळालें. पुढें 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' या पुस्तकांनीं कितीतरी घरांत विज्ञान स्वयंपाकघरापर्यंत नेलें. २० मे २०२५ रोजीं ते निवर्तले, पुस्तकें आहेत.

ज्या घरांत आजी, सुना, नातवंडें एकत्र नांदतात, तेथें हा उद्योग कॉलेजावांचूनहि करतां येतो. बोसांची कथा सांगावी आणि परातींत पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरावी. मधोमध साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडतांच पूड कडेला पळते. थेंबानें मधल्या पाण्याचा पृष्ठताण कमी झाला आणि भोंवतालच्या पाण्यानें पृष्ठभाग आपल्याकडे ओढून घेतला. तेलाच्या पातळ थरानें लहान लाटा निवतात, हें खरें. पण उबदार समुद्रावर पोसलेलें, शेंकडों किलोमीटर पसरलेलें चक्रीवादळ एका बाटलीनें निवेल का? पान दुभागावें आणि मुलांनाच लिहूं द्यावें. मोठ्यांनीं उत्तर सांगण्याची घाई करूं नये. आम्हां मास्तरांना ही खोड फार.

हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं मीं एक काम केलें. माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधून त्याला फोन लावला. तो आतां पन्नाशीकडे झुकला आहे. एका पेढीवर हिशेबनीस आहे. मीं त्याला मोत्याची सारी हकीकत सांगितली, शिंपल्याची खरी रीतहि सांगितली, आणि म्हटलें, "तुझें तें उत्तर माझें होतें. हंसें व्हावयाचें तर माझें व्हावयास हवें होतें." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "गुरुजी, ती गोष्ट खोटी होती याचें मला वाईट वाटलें नाहीं. अजूनहि ती मला पाठ आहे. ती गोष्ट आहे, एवढें आपण सांगितलें नव्हतेंत."

मीं त्याला दिवाळीनंतर घरीं बोलाविलें आहे. सूनबाईनें आपल्या वर्गाच्या कांहीं वह्या आणून ठेवल्या आहेत. कुत्र्याचें पान त्याला दाखवावयाचें आहे.